मूळ उमेदवार ती, पर्यायी तो

मत द्यायचं ते बटण हिरवं होतं, समोरच्या बाकात बसवलेलं, आणि त्याच्या कडेला कुणाच्या तरी नखाचा ओरखडा... नोएमीनं त्यावर बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ नेलं. आत्ताच तर खासदारकीची शपथ झाली होती. उजवा हात पुढे ताणून सगळ्यांबरोबर तीही ओरडली होती, आणि आपला आवाज एवढा मोठा निघाला म्हणून तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं होतं. आता थोड्या वेळानं रजा. मग वरच्या सज्जात बसलेला एफ्राइन खाली येणार, ती वर जाणार — म्हणजे वर कशाला, घरीच, साकात्लानला.

"अगं, सोपं आहे," सकाळी तिच्या ब्लाउजला इस्त्री करता करता तो म्हणाला होता. "शपथ घे, रजा टाक, मग मस्तपैकी मोले खाऊ."

इस्त्री तोच करत होता, हीच तर पंचाईत. नवरा वाईट असता तर बरं झालं असतं... वर्षानुवर्षं पक्षाची पोस्टरं चिकटवून त्याचे हात खळीनं सोलले, आणि उमेदवारीची वेळ आली तेव्हा पक्षाला बायकांचा कोटा भरायचा होता. म्हणून मूळ उमेदवार ती, पर्यायी तो. ती रजेवर गेली की जागा त्याची. 'नाव तुझं, काम माझं,' तो म्हणाला होता — तिनं हसून मान डोलावली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. शब्द दिला होता. पण शब्द तर प्रचारात बाजारातही दिले होते, कोपऱ्याकोपऱ्यावर, घसा बसेपर्यंत, आणि गरमागरम तामाले विकणारी रेफुहिओमावशी तिचा हात धरून म्हणाली होती, "पोरी, तिथं जाऊन गप्प बसू नकोस हं. गप्प बसायला आम्ही इथं आहोतच." त्या वेळी आपण खोटं बोलत होतो का? की तेवढंच खरं...

शेजारची तरुण सभासद वाकून कुजबुजली, "तुमचा पर्यायी कोण? नवरा?"

"हो. तुमचा?"

"भाऊ. आई म्हणते, तुला कशाला हवा पोरी नसता व्याप!" ती हसली, मग अचानक हसायची थांबली.

मंचावरून रजेच्या विनंत्या वाचल्या जाऊ लागल्या. नोएमीचं नाव आलं. बटण नको, बाजूनं असतील त्यांनी नुसते हात वर करावेत — आणि आजूबाजूला हात वर झाले, पुरुषांचे पटापट, बायकांचे जरा रेंगाळत. तीही सभासदच, तिच्या रजेवर तिचंही मत घेतलं जाईल, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सज्जात एफ्राइन टायची गाठ सारखी करत असेल. वर पाहू नये... तिचा हात मांडीवरच होता. उचलत का नाही? भीती म्हणावी तर भीती नव्हती. राग म्हणावा तर कुणाचा? आणि मग तिला कळलं, आणि कळल्याबरोबर कानशिलं तापली. मावशीसाठी नव्हे, बाजारातल्या बायकांसाठी नव्हे, तिला स्वतःलाच इथं बसायचं होतं. अगदी हावरटासारखं. हे एफ्राइनला कसं सांगायचं — आणि मी इतकी वर्षं हे कुणापासून लपवत होते?