चिडियाघर, मांडव आणि काकी

आमच्या माईला सगळं धार गाव माई म्हणतं. दूधवाला म्हणतो, गल्लीतली पोरं म्हणतात, कोपऱ्यावरचा किराणावाला तर तिच्याहून वयाने मोठा, तोही म्हणतो. मी तिची मुलगी, मीही माईच म्हणते. फक्त तिने जन्म दिलेला मुलगा तिला काकी म्हणतो.

यात लपवाछपवी काही नाही. अंबरीश अडीच वर्षांचा असताना आमच्या आजोबांनी, म्हणजे तात्यासाहेबांनी ठरवलं, की देवासच्या थोरल्याला मूल नाही, तर धाकट्याचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मुलगा तिकडे दत्तक द्यायचा. संस्थानी गावात राहून आमच्या घराण्याला दत्तकाचं काही विशेष वाटत नसे. राजवाड्यात होतं ते आपल्याकडे का नाही, असा एकूण रुबाब. होम झाला, ब्राह्मण जेवले आणि माईने आपल्या हाताने मुलगा जावेच्या ओटीत घातला. मी तेव्हा सहा वर्षांची. मला वाटलं, जेवणं उरकली की परत आणतील.

माझं तसं काहीच बिघडलं नाही. सख्ख्या भावाला राखी बांधतात, तशी चुलतभावालाही बांधतात. बिघडलं ते माईचं. सुट्टीत अंबरीश धारला यायचा आणि कुठे आपटला की रडत तिच्याकडेच धावायचा, "आई, आई" करत. ती त्याला उचलून घ्यायची, गुडघ्यावर हळद दाबायची आणि दर वेळी सांगायची, "आई देवासला आहे, बाळ. मी काकी." शेजारचं कोणी चुकून "तुमचा मुलगा" म्हणालं, तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माई म्हणायची, "पुतण्या." तिने जावेला शब्द दिला होता. शब्दाला आमची माई इतकी पक्की, की मला तिचा राग येतो. अजूनही येतो.

गेल्या वर्षी देवासच्या काकू गेल्या. काका त्याआधीच गेले होते. अंबरीशने काकूंचं सगळं मुलाने करावं तसं केलं; केस उतरवले, वर्षभर ना सणवार केला ना कुठे फिरायला गेला. या श्रावणात वर्षश्राद्ध झालं. त्यासाठी आम्ही मायलेकी देवासला गेलो होतो. परतताना बसमध्ये माई खिडकीकडे तोंड करून बसली होती. इंदूर मागे पडल्यावर म्हणाली, "ऋजू, आता तरी एकदा म्हणेल का गं?"

"काय?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं. माझा स्वभावच आहे तसा.

"आई."

तीच पुढे म्हणाली, "एकदाच. जाऊबाई असताना माझ्या मनात आलं नाही, असं नाही. पण तेव्हा ते पाप झालं असतं. आता त्या नाहीत."

"मग सांग ना त्याला सरळ. माझी लाज वाटते का?"

"मागून घेतलेलं काय कामाचं?" असं म्हणून तिने डोळे मिटून घेतले. धार येईपर्यंत उघडले नाहीत, आणि ती झोपलेलीही नव्हती.

त्यानंतर आठवड्याभरात अंबरीशचा फोन आला. "ताई, उर्वशी माहेरी गेलीय आणि चिऊला छुट्टी आहे. काकीला घेऊन अपन घूम आते हैं ना. आधी इंदूरचं चिडियाघर, मग तुमच्याकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी मांडवचा किल्ला. काकी हो म्हणेल ना?"

काकी हो म्हणेल ना! फोन ठेवायच्या आत काकीने सांजोऱ्यांसाठी रवा भिजवला होता. त्याच्या लेकीच्या, चिऊच्या बारशाला त्याने दिलेली जांभळी साडी तिने ट्रंकेतून काढली, दोरीवर टाकली, मग ऊन लागेल म्हणून आत घेतली. "पोराबरोबर फिरायला निघालीस की वरातीत?" मी चिडवलं. एरवी तिने मला झाडलं असतं. त्या दिवशी नुसती हसली.

चिडियाघराच्या फाटकाशी अंबरीश चिऊचा हात धरून उभा होता. अठ्ठेचाळिशीचा झालाय, पोट सुटलंय, पण माई त्याच्याकडे बघते तेव्हा तिला ते दिसत नसावं. तो वाकून तिच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

मला पिंजऱ्यातल्या जनावरांचं कौतुक नाही. वाघ पाठ करून झोपला होता. चिऊ ओरडत होती, "ए टायगर भिया, इधर देखो ना!" वाघभिया काही बघेना. अंबरीश हसून म्हणाला, "मी लहानपणी आलो होतो ना, तेव्हा असा झोपला नव्हता. एकदम दहाड़ मारली. मी इतका घाबरलो, चड्डीच ओली."

"मग?" माईने विचारलं.

"मग आईने कडेवर घेतलं. नवी साडी होती तिची, सगळी खराब. पण बोलली नाही काही."

"मग?"

"मग तिने त्या झाडाखाली बसवून पेरू दिला."

माई त्या झाडाकडे बघत राहिली. पुढे हत्ती आला, तेव्हा तिने आपणहून विचारलं, "आणि हत्ती बघून काय केलंस?" मोरांपाशी विचारलं, सापांपाशी विचारलं. पंगतीत कोणी आग्रह न करताच पुन्हा पुन्हा पान पुढे करावं, तसं तिचं चाललं होतं. अंबरीशही सांगत राहिला. प्रत्येक गोष्टीत आई होती. आईने डबा दिला, आईने कान धरला, ताप आला तेव्हा आई रात्रभर बसली. पण माईच्या चेहऱ्यावर मत्सर नव्हता. भूक होती. आपल्या मुलाचं लहानपण तिला दुसऱ्या बाईच्या नावाने ऐकावं लागत होतं, आणि तसं का होईना, ती ते घेत होती.

झाडाखाली बसून आम्ही डबा उघडला. माईने त्याच्या पानात भेंडीची भाजी वाढली आणि तो मुकाट्याने खाऊ लागला. तेवढ्यात चिऊ म्हणाली, "पापा, तुम तो भेंडी खातेच नहीं!" माईचा हात थांबला. चार माणसांच्या स्वयंपाकात तिने सर्वांत आधी भेंडी केली होती. अडीच वर्षांचा असताना तो तीच मागायचा. अंबरीश घाईघाईने म्हणाला, "काकीच्या हातची खातो मी," आणि त्याने आणखी वाढून घेतली. भला माणूस आहे माझा भाऊ. माझ्याकडून इतकं झालं नसतं.

त्या रात्री तो आमच्याकडे राहिला आणि सकाळी आम्ही मांडवला निघालो. श्रावणात मांडवला जावं ते धारच्या माणसाने. इंदूरचे लोक नुसते शनिवार-रविवारी येतात आणि गाड्या अडकवतात. घाट चढू लागलो आणि ढग थेट काचेवर आले. चिऊने खिडकीबाहेर हात काढून ढग पकडायचा प्रयत्न केला. माई पुढे अंबरीशच्या शेजारी बसली होती. तिने कधी नव्हे ते गाणं गुणगुणलं, आणि आम्हाला ऐकू येतंय हे कळल्यावर गप्प झाली.

रूपमतीच्या मंडपाची चढण मोठी आहे. मी म्हटलं, "माई, तू खालीच बस." पण अंबरीशने हात पुढे केला आणि ती निघाली. चार पायऱ्या चढायची, थांबायची. तो तिच्यासाठी थांबायचा. मी चिऊला घेऊन मुद्दाम मागे राहिले. मला एकच वाटत होतं, की म्हण रे आता, इथे कोणी नाही, तात्यासाहेब नाहीत, काका-काकू नाहीत, म्हणून टाक. वयाची पन्नाशी उलटली माझी, पण भावाच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून मी देवाला हात जोडले.

वर पोचलो तेव्हा सगळं पांढरं होतं. कठड्यापलीकडे काहीच दिसेना. मग वारा सुटला आणि पडदा सरकवावा तसं धुकं बाजूला झालं. खाली निमाड दिसलं, हिरवंगार, आणि पार टोकाला नर्मदेची बारीक रेघ. माईने हात जोडले. अंबरीश तिच्या मागे उभा होता.

गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला तिथे फिरत होता. तो लगबगीने आला. "भिया, जल्दी खड़े हो जाओ, अभी घाटी खुली है। मां-बेटे का एक बढ़िया फोटो हो जाए।"

अंबरीशने माईच्या खांद्यावर हात ठेवला. तिला जरा जवळ घेतलं. आणि म्हणाला, "हां, मां..."

"मां नहीं," माई म्हणाली. "काकी हूं मैं इसकी."

तिने विचार केला नव्हता. ते मी शपथेवर सांगते. शेजारणींना, पाहुण्यांना, डॉक्टरला, मास्तरांना जे सांगत आली, ते तिच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

फोटोवाला ओशाळला. "माफ करना काकीजी, शकल मिलती है इसलिए बोला।"

अंबरीशचा हात खांद्यावर होता, तो तिथेच राहिला. पण तो अवघडला, हे मला दिसलं. जणू न विचारता हात लावला आणि चुकलं. "हां, काकी हैं मेरी," तो म्हणाला. मग वळून हाक मारली, "चिऊ, ताई, तुम्ही पण या फोटोत." आम्ही गेलो, उभ्या राहिलो, हसलो. तोवर धुकं परत आलं होतं.

उतरताना तो तितकीच काळजी घेत होता. पायऱ्या निसरड्या होत्या, त्याने तिचा हात सोडला नाही. खाली तिला कणीस भाजून आणून दिलं, स्वतः मीठ-लिंबू लावून. पण बोलणं कमी झालं होतं. परतीच्या वाटेवर चिऊच एकटी बडबडत होती. धारला आम्हाला सोडून, चहा घेऊन, उजेड आहे तोवर देवासला पोचतो म्हणून तो निघाला. पाया पडला. "येतो, काकी."

"सावकाश जा," माई म्हणाली. गाडी वळेपर्यंत ती दारात उभी राहिली.

मग आत येऊन खुर्चीत बसली. जांभळ्या साडीच्या काठाला चिखल लागला होता, तो नखाने काढत राहिली. मी कुकर लावायला उठले, तेव्हा तिने हाक मारली.

"ऋजू, वरती मी बोलले ना, तेव्हा तो काही म्हणत होता का गं? मला नीट ऐकू आलं नाही. माझंच तोंड चालू होतं."

खोटं बोलणं सोपं होतं. काही नाही म्हणाला, असं सांगितलं असतं तर ती नेहमीसारखी उठून देवाजवळ दिवा लावायला गेली असती. खरं सांगितलं तर आपणच ते तोडलं, हे तिला जन्मभर पुरलं असतं. पण ती ज्यासाठी इतकी वर्षं थांबली होती, ते तिचं होतं. ते मी माझ्याजवळ कसं ठेवू?

"म्हणाला," मी सांगितलं.

"काय म्हणाला?"

"हां, मां."

तिने डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. आपण काय केलं ते तिला कळलं होतं. मला वाटलं, आता स्वतःला बोल लावील, रडेल. ती खुर्चीत पुढे सरकली आणि एकदम लहान मुलीसारखी म्हणाली,

"कसं म्हणाला गं? तसंच म्हणून दाखव."

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जमेल तितका आवाज जाड करून म्हणाले, "हां, मां."

माई या वेळी मध्ये काही बोलली नाही.