चौकटीच्या शर्टातला माणूस

असोद्याचे चुडामण आबा चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगत आले होते: मी सिनेमात काम केलंय, हिरोबरोबर; त्याने माझ्याशी हातही मिळवला.

ती अगदीच खोटी नव्हती. ते चोवीस वर्षांचे असताना जळगावातल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये एका हिंदी पोलीसपटाचं शूटिंग झालं. साध्या कपड्यातला फौजदार एका खुनाचा तपास करतो, अशी काहीतरी गोष्ट होती. लॉकअपमध्ये बसायला माणसं हवी होती, म्हणून असोद्यातल्या सहा-सात जणांना उचलून नेलं, पण आत बोलावलं ते एकट्या आबांना; बाकीचे बाहेरच थांबले. सिनेमा जळगावात तीन दिवस चालला आणि उतरला. गावातल्या कोणी तो पाहिलाच नाही, त्यामुळे आबांची गोष्ट टिकून राहिली.

या वर्षी कोणीतरी तो सिनेमा यूट्यूबवर टाकला. सूनबाई डिंपलने दुपारी भाकरी वाढता वाढता मोबाइल पुढे धरला.

"आबा, हे तुम्हीच ना? चौकटीचा शर्ट?"

पडद्यावर लॉकअप होतं. चौकटीच्या शर्टातला एक पोरगा गजांना टेकून बसलेला. बाजूने एक हात आला आणि पोराच्या गालावर फाडकन बसला. पोराचे डोळे भरले, ओठ थरथरला. त्याने कॅमेऱ्याच्या पलीकडे कोणाकडे तरी पाहिलं, काही विचारायचं असल्यासारखं.

"खाली बघा लोकांनी काय काय लिहिलंय," डिंपल खुशीत म्हणाली. "हा माणूस कोण? याच्यापुढे हिरो फिका पडला, म्हणे."

आबांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि ते मळ्याकडे निघाले.

त्यानंतर त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. केळीच्या बागेत ठिबकचा एक व्हॉल्व्ह उघडायचे आणि दुसरा बंद करायला विसरायचे. बांधावर बसून मोबाइलचा आवाज बंद करून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पाहायचे. बायको पुष्पाबाई विचारायची, "काय झालं तुमाले? जीव कुठी हाये?" ते म्हणायचे, "काई नाही."

डिंपलने व्हिडिओखाली आबांचं नाव आणि नंबर लिहिला होता; तो वाचून आठवड्याने जळगावहून भूपेंद्र नावाच्या प्राध्यापकाचा फोन आला. तो शहरात फिल्म सोसायटी चालवायचा. हा विसरलेला सिनेमा त्यांना दाखवायचा होता, आणि त्या वेळी आबांचा सत्कार करायचा होता.

"काका, तो चेहरा तुम्ही कसा आणलात? इतका खरा?"

"आला तसाच," आबा म्हणाले.

"आणखी एक आनंदाची गोष्ट. सिनेमाला पोलिसी बारकावे सांगायला एक हवालदार होते, झुलाल नाना. आता धुळ्याला देवपुरात असतात. त्यांनाही बोलावलंय. दोघांचा सत्कार एकत्रच करू."

नानांचा पत्ता विचारून फोन ठेवल्यावर आबांनी अंगणात चार फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न सांगता त्यांनी धुळ्याची एसटी पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीशी बसून ते बोलायचं वाक्य जुळवत होते आणि दर थांब्याला ते मोडत होतं.

झुलाल नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पंचाहत्तरीचे, गुडघे गेलेले, पण आवाज ठणठणीत.

"बठ, बठ. कोन शे तू?"

"तुमी मले वळखलं नाही," आबा उभ्यानेच म्हणाले आणि मोबाइल पुढे केला.

नानांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि ते हसले. "मना हात शे हाऊ! घड्याळ देख. हिरोले थापड मारता येत नव्हती. डायरेक्टर म्हने, हवालदार, तुम्हीच मारा."

"तो पोरगा मी."

नानांचं हसू जरा रेंगाळलं. "बरं काम करेल व्हतं तू."

"मी काम नाही केलं. मले सांगितलं होतं, फक्त बसून राह्य. थापड बसनार हे कोनी सांगितलं नव्हतं. एकदा नाही, रिटेक करत चार वेळा मारली तुमी. मी डायरेक्टरकडे पाह्यत होतो, माह्यं काय चुकलं म्हनून."

"आधीच सांगं तं पोरगं तोंड आखडी ली, असं डायरेक्टरनी माले सांगं." नानांनी मोबाइल परत दिला. "तू तठेच कसाले नही बोलना?"

"तुमी पोलीस व्हते, नाना. मी कोन व्हतो?"

आतून चहा आला. दोघांनीही कपाला हात लावला नाही.

"नोकरीमा कितलास्ले मारं, याद नही," नाना शेवटी म्हणाले. "पन घर ईसन इचारनारा तू पयलाच शे." मग हळूच, "मी नही येत जळगावले."

"या," आबा म्हणाले. "मी तठी सांगनार हाये. तुमच्या पाठीमागं सांगायचं नाही मले."

रविवारी सभागृहात पन्नासेक माणसं होती. मुलगा योगराज, डिंपल आणि पुष्पाबाई पहिल्या रांगेत बसले होते. नाना काठी टेकत उशिरा आले आणि स्टेजवर न जाता मागच्या खुर्चीवर बसले. भूपेंद्रने शाल उघडली, तसा आबांनी त्याचा हात धरला.

"मी नट नाही. ती थापड खरी व्हती. मले विचारलं नव्हतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांना कळेना, हे टाळ्या कशाला वाजवताहेत. टाळ्या संपेपर्यंत ते उभे राहिले आणि तेच पुन्हा म्हणाले. या वेळी कोणी हललं नाही.

एका मुलीने विचारलं, "मग तुम्ही उठून का नाही आलात?"

"बाहेर गाव उभं व्हतं. रडत कसा निघू? हसत निघालो. हिरोनं हात मिळवला, असं सांगितलं. मग तेच सांगत राह्यलो."

मागून नाना उठले. "हात मना व्हता," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ उभेच राहिले. भूपेंद्रला शाल कोणाला द्यावी ते कळेना; त्याने ती घडी करून टेबलावर ठेवली. सिनेमा दाखवला, पण आबा तो पाहायला थांबले नाहीत.

बाहेर रस्त्याच्या कडेला योगराज रिक्षा शोधत होता. पुष्पाबाई नवऱ्याशेजारी उभी होती. लग्नाआधीची गोष्ट, पण तिनेही ती शंभर जणींना सांगितली होती, हिरोने हात मिळवल्याची.

"लय लागलं व्हतं का?" तिने विचारलं.

"पहिली कळलीच नाही," आबा म्हणाले. "तिसरी लागली. तवा समजलं व्हतं, अजून एक येनार हाये."

रिक्षा आली, तेव्हा तिने आधी त्यांना आत बसवलं.