दोनशे बारा चाव्या

“एकशे एकोणनव्वद. शाळेच्या मागची. झाकण दिसत नाही, वर माती येते. कुंपणाच्या कोपऱ्यापासून चार पावलं मोजायची. ही चावी उलटी फिरते. उलटी लिहिलंत का?”

“लिहिलं, काका.”

“सुलटी फिरवली तर दांडा तुटतो. एका शहाण्यानं तोडलाय.”

चावीवाले काका बोलत होते आणि दोनदाबाई टाइप करत होत्या. मी शेजारच्या टेबलावर पाणीपुरवठ्याच्या तक्रारी लिहून घेत होतो, म्हणजे लोकांच्या शिव्या खात होतो. चौतीस वर्षे काकांनी शहराचे पाणी सोडले आणि बंद केले. रस्त्यांखाली दोनशे बारा लोखंडी चाव्या. कोणती किती फेरे उघडायची, कोणत्या चावीच्या आधी कोणत्या चावीला हात लावायचा नाही, हे सगळे त्यांच्या डोक्यात. कार्यालयात नकाशा होता, पण त्याच्यावर विसंबले असते तर अर्धे शहर तहानेने मेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घशाचे ऑपरेशन होते. जीव राहील, आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. लिहिणे काकांना सहीपुरतेच येत होते. म्हणून नऊ दिवस ते बाईंसमोर बसून आपले डोके रिकामे करत होते.

बाईंना दोनदाबाई नाव पडले ते त्यांच्या सवयीमुळे. दहा चाव्या झाल्या की त्या थांबत. जुन्या फाइलवर कधीच सेव्ह करत नसत. नव्या क्रमांकाची नवी प्रत करत, ती बंद करत, पुन्हा उघडत, शेवटचे पान मोठ्याने वाचत, तेही दोनदा. मग पुढे.

“माझा घसा सुकला आणि तुम्ही परत वाचताय होय?” काका चिडवत. “एवढ्यात माझी अख्खी पेठ पाणी भरून झाली असती.”

“भरू दे की. तुम्ही चावी फिरवून झाली की लगेच निघून जाता का?”

“छे. पाइपाला कान लावून ऐकतो ना, पाणी आलं का ते.”

“मग? मी पण कानच लावते.”

साहेबांना हे मुळीच पटत नसे. सकाळीच ते फाइलींची यादी बघून म्हणाले होते, “एक ना धड भाराभर चिंध्या. एकच फाइल ठेवा, बाकीच्या उडवा.” बाई “हो साहेब” म्हणाल्या आणि एकही उडवली नाही. हो म्हणायला त्यांचे काही जात नसे.

दुपारी दोनशे बारावी चावी संपली. काकांचा आवाज आता कागद घासल्यासारखा येत होता, म्हणून बाई दोनशे दहाला नवी प्रत करायला न थांबता शेवटपर्यंत गेल्या होत्या. बाई उठल्या. “कोमट पाणी आणते. आल्यावर नवी प्रत करते. कोणी हात लावू नका.”

त्या गेल्या आणि साहेब आले. “झालं ना? मग सेव्ह करून छापायला टाका.” ते माझ्याकडे बघत होते. मी बाईंच्या खुर्चीवर बसलो आणि सरळ बटण दाबले. विसाव्या प्रतीवरच. त्याच क्षणी वीज गेली. यंत्राखालची बॅटरी केव्हाच मेली होती; नव्या बॅटरीची मागणी साहेबांच्याच खणात पडून होती.

दहा मिनिटांनी वीज आली. विसावी प्रत उघडली तर आत पांढरे पान. साहेब म्हणाले, “असं कसं? सेव्ह केलं होतं ना?” आणि आपल्या खोलीत निघून गेले.

बाई पेला घेऊन दारात उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळले.

“यंत्र आधी जुनं पुसतं, मग नवं लिहितं,” त्या म्हणाल्या. “मधेच वीज गेली की तेलही गेलं, तूपही गेलं. माझे वडील शेवटच्या दुखण्यात आठवणी सांगायचे, मी टाइप करायचे. त्या अशाच गेल्या. पुन्हा सांगायला ते नव्हते.”

इतक्या वर्षांत हे त्या प्रथमच बोलल्या. मी मान खाली घातली. मला खरोखर लाज वाटत होती.

“उठा आता. ती माझी खुर्ची आहे.”

त्यांनी एकोणिसावी प्रत उघडली. शाळेमागची एकशे एकोणनव्वद होती. त्याखाली एकशे नव्वद होती.

“बावीस राहिल्या, काका. जमेल?”

काकांनी मान हलवली. पंधरा चाव्या त्यांनी कुजबुजत सांगितल्या. बाई कान पुढे करून घेत होत्या. सोळावीला ओठ हलले, आवाज आला नाही. काकांनी दोनदा प्रयत्न केला. मग पाण्याचा पेला पुढ्यात ओढला, दोन्ही हातांनी धरला आणि टेबलावर फिरवू लागले.

“एक, दोन, तीन... साडेतीन,” बाई मोजत होत्या. “उजवीकडे?”

मान हलली.

“पण कुठली?” बाईंनी विचारले. काकांनी खिडकीबाहेर बोट दाखवले, मग खोकल्याचा अभिनय केला.

“दवाखान्यासमोरची,” मी म्हणालो. “बारा वर्षं तक्रारी लिहितोय तिच्या. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही.”

काकांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. बरोबर होते. उरलेल्या चाव्या आम्ही तिघांनी मिळून लिहिल्या. काका पेला फिरवत, बाई मोजत, ठिकाण मी ओळखत असे. मधे साहेब एकदा डोकावले आणि परत गेले.

बाईंनी नवी प्रत केली, बंद केली, पुन्हा उघडली. एकशे एक्याण्णवपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. मग काकांकडे बघून म्हणाल्या, “आता दमलात. राहू दे एकदाच.”

काकांनी दोन बोटे वर केली.

बाई पुन्हा एकशे एक्याण्णवपासून वाचू लागल्या. काका डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक ओळीला हातातला पेला तेवढेच फेरे फिरवत होते. “दोनशे बारा. टाकीखालची मुख्य. अकरा फेरे. सावकाश उघडावी.” अकरा फेरे त्यांनी सावकाश पुरे केले. मग पेल्यातले गार झालेले पाणी घोट घोट पिऊन टाकले आणि घरी जायला उठले.