हंसांची इर्जिक

खनीफने यंदा हिवाळी तावदानं बसवली नाहीत, हे सागदियाला ऑक्टोबरातच दिसलं होतं. कुश-कायिनमध्ये आणखी कुणाची तावदानं बघणार? राहती घरं दोनच उरली होती, वरच्या आळीत तिचं आणि खालच्या आळीत त्याचं. बर्फ पडायच्या आत खिडकीला दुसरी चौकट बसवायची, मधल्या फटीत कापूस भरायचा, एवढं काम आळशातला आळशी माणूसही करतो. जो करत नाही, त्याचा हिवाळ्यात तिथे राहायचा विचार नसतो.

तिने विचारलं नाही. विचारलं तर खरं कळेल, आणि तो गेला तर या गावात आपण एकट्या, हा विचार तिला दिवसासुद्धा करवत नव्हता.

नोव्हेंबरात जमीन कडक झाली तशी ती खाली गेली आणि फाटकातूनच ओरडली, "आबी, उद्या सुरी घेऊन ये. हंस तयार आहेत."

तो दोन वर्षांनी मोठा, म्हणून आबी, म्हणजे दादा. बाकी शाळेत एका बाकावर बसल्यापासून अरे-तुरेच.

हंस म्हणजे कुणी चित्रातले समजू नये. कळकट, भांडखोर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्या फोडणारे. खनीफने बिस्मिल्ला म्हणत नऊ कापले. पुरुषाचं काम तिथे संपतं. पुढचं सगळं बायकांचं, आणि त्याला आळीभरच्या बायकांची इर्जिक लागते. सागदियाच्या तरुणपणी सोळा जणी यायच्या, पिसांपेक्षा चहाड्या जास्त उडायच्या. गेली पाच वर्षं ती एकटीच उपटत बसे आणि खनीफ घरी जाऊन पडे, तो थेट हंसाच्या चरबीत तळलेल्या कोयमाकांचा, म्हणजे जाड धिरड्यांचा, वास सुटला की उगवे.

आज तो गेला नाही. स्टूल ओढलं, एक हंस मांडीवर घेतला.

"हे काय?"

"उपटतो थोडी."

"बायकांच्या इर्जिकीत पुरुष बसलेला या गावाने तीनशे वर्षांत पाहिला नाही."

"गावाला म्हणावं डोळे मीट. आहे कोण बघायला?"

"मी आहे ना!"

"तू तर बघतच असतेस. माझ्या खिडक्यासुद्धा."

तिचा हात थांबला. पण तो नुसता ओरबाडत राहिला.

"अरे, हळू! हंस आहे तो. कातडं फाटलं बघ."

ती हसली खरी, पण आतून तिचं धाबं दणाणलं होतं. न सांगता बायकांचं काम करायला बसलेला पुरुष काहीतरी फेडायला बसलेला असतो, एवढं तिला कळत होतं.

दुपारी हंस धुवायला झऱ्यावर न्यायचे. चार तिच्या कावडीला, पाच त्याच्या. निघताना तिने एप्रनमधली मूठभर पिसं त्याच्या हातात कोंबली. घरापासून झऱ्यापर्यंत वाटेवर पिसं टाकत जायची, म्हणजे पुढच्या वर्षी तितके हंस होतात. पूर्वी हे पोरींचं काम होतं. पोरी आता शहरात आज्या झाल्या.

वरच्या आळीपासून झऱ्यापर्यंत नऊशे पावलं. सागदियाने एकोणतीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, पण या गावाचे दोन्ही विषय त्या नऊशे पावलांत आटोपतात. आधी मशीद, जिचा मिनार तिच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत सरकारने कापला आणि आत धान्य भरलं. मग शाळेचा नुसता पाया. मग शाकिरांचं घर, ज्यातून चार भाऊ लढाईवर गेले आणि चार कागद परत आले. मग गोठ्यावरच्या गवळणींची सात घरं. गोठा बंद पडला आणि एका उन्हाळ्यात सातही ओस. तळाशी झरा. खनीफचा मूळपुरुष युमाकाय पळून चालला होता, त्याची घोडी इथे पाणी प्यायली आणि पुढे हलेना, म्हणून इथे गाव.

"अडेल घोडी होती," सागदिया म्हणाली. "तुमच्या घराण्यात तोच एक गुण बरा."

तिने मागे वळून पाहिलं. वाटेच्या तिच्या बाजूला पिसं पडली होती. त्याच्या बाजूला एकही नव्हतं. त्याची मूठ आवळलेली होती.

"टाक ना."

"नको."

"आबी, टाक म्हणते ना!"

"पुढच्या वर्षी मी नसणार, सागदिया. मग खोटं कशाला मागू?" तो खाली बघत म्हणाला. "नुरशिदा रविवारी गाडी घेऊन येतेय."

"तुझी पोरगी रविवारी येतेय, आणि तू आज सांगतोस? तोंड शिवलं होतं का?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारते मग. का?"

"जानेवारीत तापाने पडलो होतो. बर्फ तुडवत तू चौथ्या दिवशी पोचलीस. मरायची भीती नाही गं मला. पण दार उघडून मला मेलेला बघणारी तूच असशील, ते सहन होईना."

"आणि मला कोण बघणार?"

त्याने कावड पाण्याशी उतरवली. ती एवढी चिडली की पाणी किती गार आहे हेसुद्धा तिला हंस धुऊन होईपर्यंत कळलं नाही.

घरी आल्यावर तिने कोयमाकांसाठी चूल पेटवली नाही. सरळ मागच्या खोपटाचं दार उघडलं. आत एक नर आणि तीन माद्या होत्या, दर घरी पुढच्या पैदाशीसाठी राखतात तशा.

"सुरी आहे ना? हे चारही काप."

"वेडी झालीस? पैदाशीचे आहेत."

"पुढच्या वर्षी कापणार कोण? मला बिस्मिल्ला म्हणता येतं, मान धरता येत नाही. काप."

त्याने नर काखेत घेतला. सुरी काढली. नराच्या मानेशी नेली, परत खाली घेतली. मग म्हणाला, "माझ्याने होत नाही."

"मग राहा."

इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्याने मान हलवली.

"तेही होत नाही गं."

तिने नर त्याच्याकडून घेतला. नराने सवयीने तिच्या मनगटाला चोच मारली. तिने त्याला आत सोडलं.

"जा आता. चार हंस तुझे, घेऊन जा. आणि रविवारी निरोप घ्यायला वर येऊ नकोस. मी दार उघडणार नाही."

तो गेला. हंस मात्र त्याने नेले नाहीत.

खोपटातले चौघे भुकेने ओरडत होते. तिने बार्लीची बादली आणली. मार्चात माद्या अंड्यांवर बसतील. तोवर त्यांना रोज दाणा घालायला हवा, पाण्यावरचा बर्फ फोडायला हवा. म्हणजे तिला कुठे हलता येणार नव्हतं. ती बादली धरून मोठ्याने रडली, दार सताड उघडं ठेवून. खालच्या आळीत ऐकू गेलं तर जाऊ दे, असं तिला वाटलं. रविवारनंतर ऐकायलासुद्धा कुणी नसणार होतं.