बारा खाटांवरचे ईरप्पा

निवारा केंद्रात खिडकीखालची कोपऱ्यातली खाट नागव्वाची. म्हणजे खाट सरकारी, पण नागव्वाच्या मालकीचं जगात दुसरं काहीच नसल्यामुळे मालकीची सगळी हौस ती त्या एका खाटेवर भागवायची. त्याआधी मार्केट यार्डाजवळच्या एका खानावळीत ती कडक भाकऱ्या थापायची आणि चुलीशेजारीच झोपायची. मग रस्ता रुंद झाला. खानावळ गेली, चूल गेली, नागव्वा फुटपाथवर आली. रुंद रस्त्याला फुटपाथही ऐसपैस असतो, तेवढीच सोय. पण थंडीत तिचे गुडघे असे धरायचे, की सकाळी उभं राहायला दोन माणसं आणि एक सणसणीत शिवी लागायची. त्या खाटेवर आल्यापासून नुसत्या शिवीवर भागत होतं.

अशात भीमाशंकरअण्णांना वडिलांची आठवण झाली.

अण्णा यार्डातले तुरीचे बडे व्यापारी. वडील ईरप्पा लिंगैक्य झाल्याला वर्ष होत आलं होतं आणि स्मरणार्थ बेघरांना काहीतरी द्यायचं होतं. आता सोलापुरात काहीतरी म्हणजे चादरच. माणूस जन्मला चादर, निवडून आला चादर, निवृत्त झाला चादर. नाव विणून मिळतं, फोटोसुद्धा विणून मिळतो. अण्णांनी वडिलांचा फोटो विणून घेतला, तोही कोपऱ्यात बारीकसा नव्हे. अख्खी चादरभर ईरप्पा. एका टोकाला फेटा, दुसऱ्या टोकाला कोटाची बटणं, आणि मधोमध हातभर मिशा.

वाटप झालं, भाषण झालं, फोटो झाले. नागव्वाने चादर उलगडली आणि म्हणाली, "अय्यो, ह्यास्नी तर मी भाकरी धाडत होते की!"

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या सिद्धनाथने घोळ केला. सिद्धनाथ सांगोल्याकडचा म्हातारा, जन्म मेंढरांमागं गेलेला. त्याने मिळालेल्या चादरीचं जे करतात तेच केलं. अंगावर घेतली आणि पाय ताणले.

"अरे ए!" अण्णा किंचाळले. "आप्पांच्या तोंडावर पाय!"

"मग फिरवून घेतो की," सिद्धनाथ म्हणाला आणि चादर फिरवली.

"आता पाय कोटावर आले! कोट घातलेल्या माणसाला लाथ मारतोस?"

"आडवी घिऊ का?"

"आडवी? आप्पा काय गडगडत चाललेत का?"

"मग खाली हातरतो."

अण्णांनी छातीवर हात ठेवला. "म्हणजे आप्पांच्या उरावर झोपणार?"

भरपूर चर्चा झाली. अंगावर घेतल्याशिवाय चादर वापरता येत नाही आणि अंगावर घेतली की आप्पांचा अपमान होतो. शेवटी ठरलं, की प्रत्येक खाटेवर एकेक चादर नीट अंथरावी आणि तिला कोणी हात लावू नये. केंद्राचा व्यवस्थापक जोतिराम लगेच हो म्हणाला. अण्णांनी केंद्राला गिझर देण्याचं कबूल केलं होतं, आणि जोतिराम ऑगस्टपासून गरम पाण्याच्या स्वप्नात होता.

अशा रीतीने बारा खाटांवर बारा ईरप्पा झोपले आणि बारा माणसं बाहेर आली.

"सायेब, माझी खाट?" नागव्वाने विचारलं.

"मावशी, जरा अ‍ॅडजस्ट करा. आपलं केंद्र सध्या फुल आहे."

"कुनी भरलंय?"

जोतिरामने आत पाहिलं. बारा जोड्या मिशा छताकडे बघत होत्या. "व्हीआयपी आहेत," तो म्हणाला.

नागव्वा पुन्हा फुटपाथवर. पहिल्याच रात्रीत गुडघे दगड झाले. सकाळी सिद्धनाथने एका बाजूने धरलं, केळीवाल्याने दुसऱ्या बाजूने, आणि शिवी तिने स्वतः घातली. या वेळी मात्र ती कोणाला तरी उद्देशून होती.

मग ती हातपाय धुऊन, विभूती आणि बेलाची पानं घेऊन थेट केंद्रात गेली आणि आपल्या खाटेवरच्या ईरप्पांच्या कपाळावर तीन बोटं ओढली. तेवढ्यात चादरींना कोणी हात लावला नाही ना, हे बघायला अण्णा आले. ते दृश्य पाहून त्यांनी दारातच चपला काढल्या.

"मावशी, तुम्ही आप्पांना..."

"अण्णा, एक इचारू? आजारी मानसाला झोपवून ठिवत्यात. देवाला कदी झोपवून ठिवत्यात का?"

अण्णांनी खाटेवर आडव्या पडलेल्या आप्पांकडे पाहिलं.

"उभं करा की त्यास्नी. भितीला लावा. आनि हितं एकटं नका ठिवू." ती आवाज न चढवता म्हणाली, "गोदामाच्या माडीवर लई एकटं काडलंय त्यांनी. मी भाकरी धाडायची न्हवं? पोचवनारं पोरगं सांगायचं, म्हातारा भाकरी घेतो आनि म्हनतो, बस रं जरा."

अण्णांच्या गोदामाची ती माडी सगळ्या यार्डाला माहीत होती. फक्त अण्णांसमोर कोणी तिचा विषय काढत नव्हतं. अण्णांनी रुमाल काढला, पण तो डोळ्यांना लावायचा की कपाळाला, हे त्यांचं बराच वेळ ठरेना.

"एकेका आप्पांजवळ एकेक सेवेकरी पायजे," नागव्वा म्हणाली. "रातीचा. जवळच निजनारा."

"माणसं कुठून आणायची?" अण्णांनी विचारलं.

नागव्वाने दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेर सिद्धनाथ उकिडवा बसून कान खाजवत होता. त्यातल्या त्यात भक्तिभावाने.

संध्याकाळपर्यंत बारा ईरप्पा भिंतींवर चढले. एक खिडकीवर आला, त्यामुळे वाराही थांबला. काल जी माणसं अपमान करत होती, तीच आज सेवा करू लागली, आणि त्यासाठी त्यांना फक्त झोपायचं होतं. अण्णांनी रोज तुरीची आमटी सुरू केली. गिझर आला. दारावरच्या पाटीवरचा 'बेघर' शब्द रंगाने झाकला गेला, कारण देवस्थानाच्या दारात तो बरा दिसेना. जोतिराम गरम पाण्याने आंघोळ करून घंटा वाजवू लागला. चादर मात्र कोणाच्याच अंगावर पडली नाही. सगळे केंद्राच्या जुन्या, विटलेल्या कांबळ्यांत झोपले, आणि नागव्वा खिडकीखाली, आपल्या खाटेवर.

आठवड्याभराने दिवेलागणीला एक माणूस बोचकं घेऊन दारात उभा राहिला. थंडीने त्याचे दात वाजत होते.

"आज्जी, बेघर मानसाला हितं जागा मिळती म्हनं?"

"न्हाय," नागव्वा म्हणाली. "बेघराला न्हाय मिळत. भक्त हाईस का?"

"कुनाचा?"

तिने भिंतीकडे मान हलवली. माणसाने एका मिशीवरून दुसऱ्या मिशीवर अशी सगळ्या खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यातून आमटीचा वास येत होता.

"लहानपनापास्नं," तो म्हणाला.

"मग पाय धुऊन ये," नागव्वा सरकून त्याला जागा करत म्हणाली. "अण्णाला सांगून अजून एक आप्पा विनून घिऊ."