हिंगाचा डबा आणि नीलाच्या मुंग्या

मित्रांनो, माझ्या झाकणाकडे बघून हसू नका. मी चाळणी नाही. मी प्लास्टिकचा जुना डबा आहे, आणि ही सगळी भोकं मला माणसांनी पाडली आहेत, तीही विनाकारण. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझा नुसता संताप होतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. अंग काचेसारखं आरपार, झाकण निळं. तेव्हा प्लास्टिकचं केवढं अप्रूप होतं! बंगळूरच्या चिकपेठेत नीलाच्या आईने मला निवडलं, तेव्हा घरी जाताना भेटेल त्या बाईला तिने मला पिशवीतून काढून दाखवलं. "बघा, गंजायचं नाव नाही," असं ती कौतुकाने सांगायची. ते १९६१ साल होतं.

नीलाचे बाबा, पद्माकर, इंजिनिअर होते. पुण्याहून सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि जयनगरात भाड्याने राहिले. आईने मला फळीवर मधोमध जागा दिली आणि माझ्यात हिंग भरला. चांगला खडा हिंग! आमटीला हिंग, भाजीला हिंग, ताकाला हिंग. दोन वर्षं मी तो वास अंगात मुरवून घेतला. आईचा हात झाकणाला लागला की मला धन्य वाटायचं.

मग नीलाने मुंग्या पाळायचं मनावर घेतलं.

नीला दहा वर्षांची. तिला कन्नड धड येत नव्हतं, त्यामुळे शाळेत तिच्याशी कोणी बोलत नसे. मधल्या सुट्टीत ती भिंतीशी बसून एकटीच पोळी खायची. शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा ती आईला म्हणाली, "मी मुंग्यांचं घर नेणार. मुली बघायला येतील ना गं? मुंग्या दाखवायला कन्नड कशाला लागतंय?" आईला भरून आलं. तिने लगेच मला फळीवरून उतरवलं, हिंग पितळेच्या डबीत काढला, मला चिंचेने घासलं, राखेने घासलं आणि आत नाक घालून हुंगलं.

"गेला हो वास!" आई म्हणाली.

कसला जातोय, डोंबल! ज्या घरात रोज फोडणीत हिंग पडतो, त्या घरच्या नाकांना तो कळणार कसा? मी ओरडून सांगितलं असतं, पण डब्याला तोंड असतं ते फक्त वस्तू भरायला.

नीलाने शिवणाची सुई चिमट्यात धरून तापवली आणि माझ्या झाकणाला एक भोक पाडलं. इवलंसं. चटका बसला, पण तिने भोकावर फुंकर घातली, म्हणून मी तिला माफ केलं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून तिने लाल माती आणली, मुंग्या आणल्या, साखरेचे दाणे टाकले आणि झाकण लावून बघत बसली.

मुंग्यांनी साखरेला तोंडही लावलं नाही. सगळ्या भिंती चढून झाकणाशी गोळा झाल्या आणि त्या एका भोकाशी धडपडू लागल्या. साहजिकच आहे! हिंगाच्या डब्यात कोणती मुंगी सुखाने नांदेल?

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "हवा कमी पडतेय त्यांना. भोकं वाढवायला हवीत."

झालं! दाभण तापवून बाबांनी पट्टीने आखून, ओळीत भोकं पाडली. जळका धूर नाकातोंडात गेला. मुंग्या पुन्हा झाकणाशीच. तेवढ्यात शेजारचे आप्पाजी आले. मूळचे बेळगावकडचे, पेन्शनर, आणि सल्ला द्यायला एका पायावर तयार.

"स्वल्प मोठं पाड की रे भोक, पद्माकर," ते म्हणाले. "एवढ्याशा भोकातनं वारं कसं जाणार? मुंगीला बी जीव हाय."

"अज्जा, मोठं केलं तर पळतील की त्या!" नीला रडकुंडीला आली.

"फडकं बांधू की वर. सरी?"

सरी, म्हणजे ठीक आहे म्हणे! बाबांनी हातड्रिल आणलं. दाबून फिरवल्याबरोबर माझं झाकण कडेपर्यंत तडकलं. अहो, हवेचं काय घेऊन बसलात? मला हुंगा! एकदा तरी हुंगा! पण माणसं हुशार असली की समोरच्या मुक्या वस्तूला कधी विचारत नाहीत, फक्त भोकं पाडतात. रागाने माझा नुसता जळफळाट झाला.

प्रदर्शनाच्या सकाळी वर्गाच्या व्हरांड्यात नीलाने मला टेबलावर ठेवलं. मुली खरंच आल्या, घोळक्याने आल्या. नीलाचा चेहरा काय फुलला होता! तिने फडकं सोडलं, झाकण उघडलं. आत नुसती माती आणि मेलेल्या मुंग्या. बाकीच्या रात्रीतच तड्यातून निसटल्या होत्या. मुली हसल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. एकही थांबली नाही.

नीलाने खाली मान घालून मला पोटाशी धरलं. स्वयंपाकघरापासून इतक्या लांब, मोकळ्या हवेत, तेव्हा कुठे तिला तो वास आला.

"बाबा, ह्याला हिंगाचा वास येतोय," घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली.

बाबांनी हुंगलं. "अरेच्चा! म्हणजे भोकं उगाचच पाडली की," ते म्हणाले आणि पेपर वाचायला बसले. उगाचच! बस्स, एका शब्दात माझा निकाल लागला. आईने मला उलटसुलट केलं, "आता ह्यात काय ठेवणार?" म्हणाली आणि परसात नळाशेजारी टाकून दिलं. नीला पुन्हा भिंतीशी बसून पोळी खाऊ लागली असणार. ते मनात आलं की त्यापुढे माझी भोकं मला काहीच वाटत नाहीत.

पुढे बाबांची बदली झाली. सामान बांधलं गेलं, मी मातीत राहिलो. उन्हात पिवळा पडलो, पावसात भिजलो, आणि हळूहळू माझ्या अंगातला हिंग खरोखरच गेला.

मित्रांनो, कुणी गप्प गप्प असेल आणि त्याचं काही बिनसलं असेल, तर हत्यार घेऊन धावू नका. आधी जवळ जा, त्याच्यात पूर्वी काय भरलं होतं ते विचारा. माझं एवढं ऐका, कारण माझं कुणी ऐकलं नाही.

आता माझ्यात अगदी बारीक मुंग्या राहतात. आपणहून आल्या, अंडी घेऊन आल्या. बाबांची आखीव भोकं मातीने बुजली, तड्यात गवत उगवलं. मुंग्यांची ये-जा होते ती सुईच्या त्या इवल्याशा भोकातून, एकामागून एक.

नीला, तुझं भोक बरोबर होतं गं. बघायला तेवढी तू हवी होतीस.