बासुंदीची पहिली वाटी

“अब्बा, झाकण ठेवा. ही बासुंदी कुणालाच वाढायची नाय,” सुमय्या म्हणाली आणि करीमभाईंच्या हातातली पळी थांबली.

कन्नडला सर्जेरावांच्या मुलीचं लग्न होतं आणि स्वयंपाक करीमभाईंचा. त्यांची लेक सुमय्या शहरात अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. सकाळच्या जीपने आली आणि आल्या आल्या तिचं लक्ष बापाच्या अंगठ्याकडे गेलं. चिंधी बांधलेली, चिंधीला पू लागलेला.

“ह्याच हातानं काल साय मोडली?”

“मग काय पायानं मोडू?” करीमभाई हसले. “बासुंदी काल सांजच्याला झाली, रातभर इथंच होती. आता पुन्हा खळाखळा उकळली की! उकळीत कोणता जंतू जगतो गं?”

“जंतू मरतात, अब्बा. त्यांनी रातभर केलेलं जहर मरत नाय. ते वासाला येत नाय, चवीला लागत नाय. आमच्या यंत्रावर लावल्याबिगर कळत नाय, आन् ते यंत्र इथं कुठून आणू?”

आता आली का पंचाईत! पंचक्रोशीत लग्न ठरलं की आधी करीमभाईंना विचारून तारीख धरत. आणि भर मांडवात पोटची पोरगी त्यांच्या हाताला नावं ठेवत होती. म्हाताऱ्याचं तोंड लालबुंद झालं.

सर्जेराव धावत आले. “काय झालं, भाई? लेकरं बासुंदीची वाट बघायलीत.”

“काय नाय. पोरगी लई शिकली, तिला बापाच्या हाताचं भ्या वाटायलंय.” करीमभाईंनी वाटी काठोकाठ भरली. “मी पितो. मला काय झालं नाय तर वाढा.”

“अब्बा, नको! साखर हाय तुम्हाला…”

तिने मनगट धरलं तोवर वाटी रिकामी झाली होती. “वेलदोडा जरा जास्त पडला,” ते म्हणाले. चुलीजवळच्या बाया खो-खो हसल्या. सुमय्या मात्र पातेल्याच्या झाकणावर हात ठेवून तिथेच बसली.

मांडवात लग्नाची बुद्धवंदना सुरू झाली. लेकीने कशाला हात लावू दिला नाही, म्हणून करीमभाई खुर्चीत बसून पुऱ्या तळणाऱ्या बायांना हुकूम सोडत होते. नवरानवरीवर फुलं पडली, पंगत बसली. सर्जेरावांनी दोनदा विचारलं, “वाढू का आता?” सुमय्याने झाकणावरचा हात उचलला नाही. या अल्ला, माझं चुकलेलं असू दे, एवढंच ती मनात म्हणत होती.

मग करीमभाईंचा आवाज थांबला. तिने वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. ते मांडवामागे बांबूला धरून वाकले होते. एक उलटी झाली, दुसरी झाली, थांबेचनात. कपाळावर घाम, तोंड पांढरंफटक.

तिने धरलेला हात त्यांनी बाजूला केला. उपरण्याने तोंड पुसलं आणि भिंतीला धरत, पाय ओढत ते पंगतीसमोर गेले.

“सर्जेराव, बासुंदी नाय मिळायची. माझ्या हातानं बिघडली.” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

चौघांनी उचलून त्यांना जीपमध्ये घातलं. सुमय्याने डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“बासुंदी पुरायला खड्डा खोल घ्यायला सांग, बेटा. कुत्री उकरत्यात.”

“सांगितलंय, अब्बा.”

जीप निघाली. चिंधी बांधलेला तो अंगठा करीमभाईंनी दुसऱ्या मुठीत दडवला होता. दवाखाना येईपर्यंत त्यांनी तो काही केल्या सोडला नाही.